वायू न सोडता घ्यायची परीक्षा

दहावी-बारावीचे निकाल लागले की हिंगोलीच्या चौकांत क्लासेसचे फ्लेक्स झळकू लागतात. त्यांत एखादा ‘फायर अँड सेफ्टी’चाही असतो. पिवळं हेल्मेट घातलेला हसरा मुलगा, मागे ज्वाळा, खाली शंभर टक्के नोकरीची हमी. तो पाहून आईच्या पोटात गोळा येतो, कारण पोरगं आगीत शिरणार असं तिला वाटतं. वडिलांच्या पोटात तो फीचा आकडा ऐकल्यावर येतो. वडिलांची भीती रास्त आहे. आईची मात्र थोडी भलतीकडे गेलेली आहे, कारण या क्षेत्रात ज्वाळांशी कधीच गाठ पडू नये म्हणून केलं जाणारं एक काम आहे आणि त्याचं चित्र कुठल्याच फ्लेक्सवर नसतं.

सर्व्हर रूम, टेलिफोन एक्स्चेंज, वीज केंद्राची कंट्रोल रूम, जुन्या दस्तऐवजांची दालनं. इथे पाणी मारलं तर आग विझेल, पण वाचवायचं तेच जाईल. म्हणून अशा खोल्यांत ‘क्लीन एजंट’ म्हणजे मागे ओलावा किंवा भुकटी न ठेवणारा वायू सोडतात. पूर्वी हे काम हॅलॉन १३०१ करत असे. तो ओझोनचा थर खातो हे कळल्यावर १९८७च्या माँट्रियल कराराखाली त्याचं उत्पादन विकसित देशांत १९९४पासून आणि विकसनशील देशांत २०१०पासून बंद झालं. त्याच्या जागी एचएफसी-२२७ईए (बाजारातलं नाव एफएम-२००), नोवेक १२३० आणि नायट्रोजन-आर्गॉनसारखे निष्क्रिय वायू आले. याच कामासाठी एरोसोलही वापरतात, पण त्याची जात निराळी. त्याच्या डब्यात दाबाखालचा वायू नसतो, घन मिश्रण असतं. ते पेटलं की पोटॅशियमच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण हवेत पसरतात आणि ज्वलनाची साखळी तोडतात.

आता खरा पेच. ही यंत्रणा चालते की नाही, हे बघायचं कसं? एचएफसीसारखा वायू दहा सेकंदांत खोलीत भरला पाहिजे आणि साधारण दहा मिनिटं टिकला पाहिजे. पण दरवेळी सिलिंडर रिकामे करून बघणं खिशाला परवडत नाही आणि पर्यावरणालाही नाही. तंत्रज्ञांनी यावर ‘डोअर फॅन टेस्ट’ काढली. दाराच्या चौकटीत पंखा घट्ट बसवून खोलीतला दाब वाढवायचा, मग कमी करायचा आणि किती हवा निसटते ते मोजायचं. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, त्यातलाच हा प्रकार. एफएम-२०० हवेच्या जवळजवळ सहापट जड. त्याचं मिश्रण खाली बसतं आणि खालच्या फटींतून आधी पळतं. म्हणून हुशार टेस्टर आधी फरशीखालच्या केबलच्या भोकांकडे वाकून बघतो. बारावीला भौतिकशास्त्र पाठ करून पास झालेल्या मुलाला इथे ते पहिल्यांदा समजतं.

वायू कधी सोडायचा ते ठरवणाऱ्या पॅनलची चाचणी अधिक नाजूक. खोलीत दोन गटांत डिटेक्टर असतात. पहिल्याने धूर पकडला तर घंटा वाजते, दुसऱ्यानेही पकडला तर उलटी मोजणी सुरू होऊन वायू सुटतो. मधल्या काळात माणसं बाहेर पडली पाहिजेत, एसी बंद झाला पाहिजे, हवेच्या नळांतल्या झडपा म्हणजे डॅम्पर मिटले पाहिजेत, अबॉर्ट स्विच चालला पाहिजे. टेस्टर डिटेक्टरला चाचणीचा धूर देतो, पण त्याआधी सिलिंडरचं तोंड उघडणारा अ‍ॅक्च्युएटर काढून ठेवतो. आज्ञा पोहोचली हे दिव्यावर किंवा मीटरवर दिसतं आणि वायू जागच्या जागी राहतो. तो अ‍ॅक्च्युएटर काढायचा विसरला तर लाखोंचा वायू हवेत. एरोसोलच्या डब्याला तर उत्पादकाने सांगितलेल्या मीटरशिवाय दुसरं मीटर लावायचंच नाही, कारण मीटरचा इवलासा प्रवाहही त्याला पेटवू शकतो. सिलिंडरचं वजन आणि दाब दर सहा महिन्यांनी बघतात. भरलेल्या एचएफसीपैकी पाच टक्क्यांहून जास्त वायू कमी झाला, तर सिलिंडर पुन्हा भरायचा किंवा बदलायचा.

चूक किती महाग पडते? १० सप्टेंबर २०१६ रोजी बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये निष्क्रिय वायूची चाचणी झाली. आग नव्हतीच. पण वायू इतक्या मोठ्या आवाजात सुटला की त्या कंपनाने डझनावारी हार्ड डिस्क निकामी झाल्या आणि बँकेचे एटीएम व ऑनलाइन व्यवहार कित्येक तास ठप्प राहिले. त्याच वर्षी १३ मार्चला बँकॉकमध्ये सियाम कमर्शियल बँकेच्या मुख्यालयात यंत्रणा सुधारण्याचं काम चालू असताना तळघरातली एरोसोल यंत्रणा सुटली. आठ माणसं गेली. तिथेही आग लागलेली नव्हती. आईने घाबरायचंच असेल तर ज्वाळांना नाही, या दुसऱ्या प्रसंगाला घाबरावं आणि मुलाला त्याबद्दल प्रश्न विचारायला शिकवावं.

महाराष्ट्रात या कामाला कायद्याचा आधार आहे. २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार इमारतीच्या मालकाला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं त्यात लिहून द्यायचं असतं. जानेवारी २०२१मध्ये भंडारा जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा नवजात बालकं गेली. त्यानंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. अर्थात यंत्रणेला हात न लावता प्रमाणपत्र देणारेही या धंद्यात आहेत, हे पालकांनी आधीच जाणून असावं. त्या सहीखाली उद्या आपल्या मुलाचं नाव असू शकतं.

शिकायचं कुठे? फ्लेक्सवरच्या कोर्सला पैसे मोजण्याआधी हिंगोलीतल्याच शासकीय आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाकडे बघावं. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आणि इलेक्ट्रिकलची पदविका हा या कामाचा खरा पाया आहे. फायरचं ज्ञान त्यावर चढवता येतं, उलट क्रमाने गेलं की मुलगा एक्स्टिंग्विशर भरण्यातच अडकतो. पुढे नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि मुंबईत विद्यानगरीला राज्य अग्निशमन सेवेचे अभ्यासक्रम आहेत. अग्निशमन दलात भरती व्हायचं तर उंची-छातीच्या अटी आडव्या येतात. टेस्टरला त्या नसतात. मुलींबद्दल शंका असेल तर नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर आठवाव्यात. त्या याच महाविद्यालयातून शिकून देशातल्या पहिल्या महिला अग्निशमन अधिकाऱ्यांपैकी एक झाल्या.

काम कुठे मिळतं, याचं उत्तर स्पष्ट आहे. नवी मुंबईत ऐरोली-महापेपासून पनवेलपर्यंत डेटा सेंटर उभी आहेत, पुण्यात आयटी पार्क आहेत. हिंगोलीहून निघणारी जनशताब्दी थेट मुंबईला जाते, तेव्हा पोहोचणं सोपं, पण सर्व्हर रूम रात्रीच मोकळी मिळते, त्यामुळे पहिली काही वर्षं रात्रीची ड्युटी आणि गावोगावच्या साइट्स ठरलेल्या. हिंगोली जिल्ह्याच्याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्राने एप्रिल २०२३मध्ये २६०० कोटींची मंजुरी दिलेल्या या वेधशाळेच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या आहेत. तिथली नोकरी गृहीत धरून कोणी कोर्स निवडू नये. मात्र लेझर आणि संगणकांनी भरलेल्या खोल्या जिल्ह्यात येणार, एवढं नक्की.

पहिल्या मुलाखतीत पगाराइतकेच काही प्रश्न मुलाने विचारावेत. पीएफ आणि विमा आहे का? अ‍ॅक्च्युएटर काढताना साइटवर दुसरा माणूस असतो का, आणि काढल्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? वायू सुटलाच तर बाहेर कसं पडायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात का? ‘ते काय, सवयीने येतं’ असं उत्तर आलं, तर पगाराचा आकडा चांगला असला तरी वडिलांनी दुसरी कंपनी बघायला सांगावं.