वह्या पुरे झाल्या, चष्म्याचं काय?

प्रश्न : बाळकुम नाक्याजवळच्या आमच्या सोसायटीत दर जूनला कुणी ना कुणी गरीब मुलांच्या वह्या-दप्तरांसाठी वर्गणी मागायला येतं. महापालिकेच्या शाळेत फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी. मग वर आणखी मदत कशाला? शिवाय आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला काहीही होत नसताना शाळेत जंताची गोळी दिली. धडधाकट पोरांना औषध कशासाठी?
— एक वाचक, बाळकुम, ठाणे

उत्तर : आधी गोळीचं बघू, कारण तिच्यातच तुमच्या पहिल्या शंकेचंही निम्मं उत्तर आहे.

गोड खाल्लं की जंत होतात, असं आपण लहानपणी आजीकडून ऐकलेलं असतं. त्यात गुळाचा काही दोष नाही. जंतांची अंडी विष्ठेतून मातीत जातात आणि मातीतून नखांत, न धुतलेल्या भाजीवर, तिथून पोटात. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतात. जिथे दहा-वीस घरांत एक संडास आणि पाणी तासभर, तिथल्या मुलांना त्यांचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. रक्त कमी झालं की मूल दमतं, पेंगतं, कधी शाळेतच येत नाही. बाहेरून मात्र ते तुम्ही म्हणता तसं धडधाकटच दिसतं.

मग तपासून ज्याला जंत आहेत त्यालाच गोळी का देत नाहीत? कारण प्रत्येक मुलाची शौचतपासणी करायची तर गोळीपेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो. अल्बेन्डाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे, चावून खायची असते. पोटात जंत फार असतील तर थोडी मळमळ होते, इतकंच. म्हणून १ ते १९ वर्षांच्या सर्वांना ती सरसकट देतात; त्यातही दोन वर्षांखालच्यांना अर्धीच. राष्ट्रीय जंतनाशक दिन त्यासाठीच असतो. केनियात १९९८ पासून मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी ७५ शाळांत हा प्रयोग टप्प्याटप्प्याने करून पाहिला. त्यांच्या हिशेबाने गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही फायदा झाला, कारण मातीतली अंडीच कमी झाली. पुढे त्या आकड्यांवरून अभ्यासकांत बरेच वाद झाले. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीवरच्या अशाच प्रयोगांसाठी.

आता वर्गणी. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि ६ ते १४ वयाच्या मुलांना पहिली ते आठवी मोफत शिक्षण मिळालं. खिचडीचाही हिशेब ठरलेला आहे : प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे सगळं फुकट आहे हे तुमचं म्हणणं बरंचसं खरं. पण मुलाची अडचण बहुतेक वेळा या यादीबाहेरची असते, आणि जंतांसारखीच बाहेरून दिसत नाही.

डोळ्यांचंच घ्या. ज्या मुलाला जन्मापासून फळा अंधूक दिसतो, त्याला वाटतं सगळ्यांनाच तो तसा दिसतो. ते तक्रार करत नाही, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं. बाई म्हणतात, लक्ष नाही. अशी मुलं हुडकायला सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. डॉक्टरांचं पथक शाळेत येतं, दोष सापडला तर चिठ्ठी देतं. पण ती चिठ्ठी घेऊन मुलाला इस्पितळात न्यायचं तर आईचा दिवसाचा रोज बुडतो. चिठ्ठी फडताळात जाते. इथे एखाद्या संस्थेची कार्यकर्ती मुलाचा हात धरून रांगेत उभी राहिली, तर ती मदत शंभर वह्यांहून मोठी. अर्थात रांगेचा फोटो काही छान येत नाही.

ठाण्यातच तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या साथीने २०१६ मध्ये सिग्नल शाळा काढली. सिग्नलवर फुलं विकणारी मुलं जवळच्या शाळेत जात नव्हती, म्हणून शाळाच कंटेनरमध्ये भरवून पुलाखाली आणली. शाळा फुकट असणं आणि शाळेपर्यंत पोचणं यांत किती अंतर असतं, ते बघायचं असेल तर तिथे एकदा जाऊन या.

आणि आठवीनंतर? कायद्याचं छत्र तिथे संपतं, आणि नववी-दहावीचा खर्च मात्र तिथूनच वाढतो. ठाण्याची समता विचार प्रसारक संस्था वस्तीतल्या दहावी पास मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते, तो टक्क्यांकडे न बघता परिस्थितीकडे बघून. मला तो गुणवत्ता यादीच्या सत्कारांपेक्षा जास्त पटतो.

जाता जाता पैशांचं : वस्तू दिल्या तर ८०जीची करसवलत मिळत नाही, दोन हजारांवरची रोख देणगीही त्यात धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सवलतच नाही. तेव्हा सवलतीच्या हिशेबाने वह्या वाटत असाल, तर तो हिशेब चुकतोय.

वर्गणी जरूर द्या. फक्त यंदा जूनच्या आधी कुणीतरी एकाने जवळच्या पालिका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा : वह्या पुरेशा झाल्यात का, आणि चष्म्याच्या किती चिठ्ठ्या पडून आहेत?