बर्फ फेकणाऱ्या यंत्राचं चाक आपल्या वीडरला बसेल का?

प्रश्न : मुलगी-जावई कॅनडात असतात. दारातला बर्फ बाजूला फेकायचं जावईबापूंचं यंत्र यंदा इंजिन चालू असूनही जागचं हलेना. त्यांनी घरीच ते उभं करून खालून उघडलं, आतलं रबरी चाक बदललं आणि मला व्हिडिओ पाठवला. माझ्या पेट्रोलच्या पॉवर वीडरचं दुखणं तसंच आहे. मोकळ्यावर चालतो, सोयाबीनच्या तासात घातला की इंजिन ओरडतं आणि दाते थांबतात. आपल्या यंत्रात असं चाक असतं का? नसेल तर बसवता येईल का?
– एक वाचक, ता. कंधार, जि. नांदेड

उत्तर : सहसा नसतं, आणि बसवूही नका. पण जावईबापूंनी दुखणं ज्या रीतीनं शोधलं, ती रीत तुमच्या कामाची आहे.

आपल्याकडे बर्फ म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पडला तसा गारांचा खच. त्याला यंत्र नाही, पंचनाम्याला तलाठी लागतो. तिकडे मात्र हिवाळाभर अंगणातून वाट काढावी लागते. त्या यंत्रात इंजिन पट्ट्यानं एक गुळगुळीत तबकडी फिरवतं. तिच्या तोंडाला काटकोनात एक चाक टेकतं, त्याच्या कडेला रबर चढवलेलं असतं. चाक तबकडीच्या मध्याजवळ असलं की यंत्र हळू चालतं, कडेकडे सरकवलं की वेग वाढतो, कारण तबकडीची कड जास्त जोरात पळते. मध्य ओलांडून पलीकडे नेलं की यंत्र मागं येतं. वेग बदलायला दातेरी गिअरची गरजच नाही! अमेरिकेत कार्टरकार नावाची मोटार याच युक्तीवर धावायची. १९०९ मध्ये जनरल मोटर्सनं ती कंपनी विकत घेतली.

हे चाक दोन कारणांनी घसरतं. रबर झिजतं, नाहीतर त्याला तेल लागतं. चाक ज्या दांड्यावर सरकतं त्याला कुणी हौसेनं ग्रीस फासलं की ते रबरावर उडतं. दुरुस्ती सोपी आहे: पेट्रोल काढायचं, यंत्र तोंडावर उभं करायचं, खालचा पत्रा खोलायचा, तबकडी पुसायची आणि रबर बदलायचं.

मग आपण का बसवू नये? बर्फाच्या यंत्रात इंजिनची बहुतेक ताकद बर्फ ओढून फेकणाऱ्या पात्यांकडे जाते. ते रबरी चाक फक्त यंत्र पुढं ढकलतं. तुमच्या वीडरमध्ये माती उकरणं आणि पुढं सरकणं ही दोन्ही कामं त्याच दात्यांवर. ओल्या काळ्या रानात तेवढा भार त्या रबराला पेलणार नाही.

आता तुमचं दुखणं. वीडर पट्ट्याचा आहे असं धरतो. (क्लचप्लेटचा असेल तर तो मिस्त्रीकडेच न्या.) तास लागला की इंजिन दबलं असतं, तर ताकद दात्यांपर्यंत पोचतेय आणि पुढं काहीतरी अडलंय असं म्हटलं असतं. तुमचं इंजिन ओरडतंय, म्हणजे ताकद वाटेतच निसटते. आधी प्लगची टोपी काढा, मगच हात घाला. ही पायरी गाळून बोटं गमावणारे कमी नाहीत.

लिव्हर दाबल्यावर ताणाची पुली पट्ट्यावर घट्ट बसते का, ते पाहा. वायर वापरून लांबते. मग लिव्हर पूर्ण दाबूनही पट्टा ढिलाच राहतो. वायरच्या टोकाचा नट फिरवून ताण वाढवा. पण अति करू नका: लिव्हर सोडल्यावर पट्टा सुटलाच पाहिजे, नाहीतर यंत्र हातातून पळेल.

ताण ठीक असेल तर पट्टा काढून बघा. व्ही पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसून ओढतो, तळाला टेकून नव्हे. त्याचा तळ चकाकत असेल तर तो झिजून खाली बसलाय, नवा घ्या. दुकानात जुना पट्टाच न्या, किंवा त्यावरचा नंबर. ‘बी ४२’ मधलं बी म्हणजे वरची रुंदी १७ मिलिमीटर, आणि ४२ म्हणजे आतल्या बाजूनं मोजलेले इंच. ‘ए’ पट्टा १३ मिलिमीटरचा, तो बीच्या खाचेत तळाला जातो आणि पहिल्याच दिवशी घसरतो. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. पिठाच्या गिरणीत सपाट पट्ट्याला राळ लावतात, ती इथं लावू नका. धूळ चिकटून पट्टा लवकर जातो.

पट्टा नीट ओढत असेल तर दात्यांच्या पिना पाहा. पिन तुटली की आतला दांडा फिरतो आणि दाते उभे राहतात. दगडाला दाते अडले तर गिअरबॉक्सऐवजी स्वस्तातली पिन तुटलेली बरी, म्हणून तिथं खिळा किंवा कडक बोल्ट ठोकू नका.

तेवढ्यात दांड्याला गुंडाळलेली हराळी आणि सुतळी विळ्यानं कापून काढा. ती आत सरकत जाऊन ऑइल सील खाते. मग तेल बाहेर येतं आणि पाणी आत जातं. गिअरबॉक्सचा बोल्ट काढून तेल पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. सील बदलून पुस्तकात दिलेलं नवं तेल भरून घ्या. गिअरबॉक्स मात्र घरी उघडू नका, आतल्या बेअरिंगा बसवायला प्रेस लागतो.