पगडीची घडी सुटली की…
(प्रथिने आपला आकार आणि काम का गमावतात?)



एप्रिलमध्ये नवे सत्र सुरू झाले तेव्हा दहावीच्या प्रयोगशाळेत लाळेचा प्रयोग चालला होता. परीक्षानळीत भाताची पातळ पेज, त्यात थोडी लाळ, आणि काही वेळाने आयोडीनचा थेंब. पेजेतल्या स्टार्चचे पचन झाले असेल तर निळा रंग येत नाही. चार गटांचे उत्तर बरोबर आले. पाचव्या गटाची नळी मात्र गर्द निळी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या मुलांनी लाळेची नळी कोमट पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात धरली होती. मुले खट्टू झाली. आम्ही म्हटले, “प्रयोग फसलेला नाही. तुमच्या हातून दुसराच एक प्रयोग यशस्वी झाला आहे.”

तेवढ्यात त्यांच्यापैकी एकाने विचारले, “सर, इन्शुलिनपण प्रोटीनच ना? मागच्या आठवड्यात आजीची नवी बाटली दुपारभर स्कूटरच्या डिक्कीत राहिली होती. तेव्हापासून आजीची शुगर उतरतच नाही.”

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत.

आकार म्हणजेच काम

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. पण नुसती माळ काही काम करत नाही. ती ठरावीक पद्धतीने वळते, दुमडते, तेव्हा तिला काम करता येते. होळकरी पगडीच पाहा. कापड तेच, पण बांधले तर पगडी, सोडले तर नुसता पट्टा. माळेतले मणी एकमेकांना मजबूत बंधांनी जोडलेले असतात. घडी मात्र बहुतांशी हायड्रोजन बंधासारख्या दुबळ्या बंधांवर टिकते. हे दुबळे बंध तुटले, की माळ शाबूत राहते पण घडी सुटते. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात याला ‘विकृतीकरण’ म्हटले होते. व्याख्या पाठ होती, अर्थ समजायला पुढे बरीच वर्षे गेली. इंग्रजी पुस्तकांत हेच ‘डीनेचरेशन’.

घडी कशाने सुटते?

उष्णता : तापमान वाढले की रेणूंची थरथर वाढते आणि दुबळे बंध तुटतात. पाण्यापासून दूर राहणारे जे भाग घडीच्या आत दडलेले असतात, ते उघडे पडतात आणि शेजारच्या प्रथिनांना चिकटतात. अंड्याचा पारदर्शक बलक पांढरा व घट्ट होतो तो असाच. लाळेतले अमायलेज शरीराच्या, म्हणजे सुमारे 37 अंश सेल्सिअस तापमानाला उत्तम काम करते. उकळले की संपले.

आम्ल आणि अल्कली : यांच्यामुळे प्रथिनांवरचे विद्युतभार बदलतात आणि घडी सैल पडते. दह्याचे उदाहरण पुस्तकांत नेहमी असते, पण त्यात एक बारकावा आहे. दुधातले केसीन मुळातच सैल असते. आंबटपणामुळे त्याचे कण परस्परांना चिकटतात आणि दही लागते. घडी खरी मोडते ती निवळीतल्या प्रथिनांची, आणि तीही दूध तापवताना. ती केसीनला जाऊन चिकटतात. म्हणून चांगल्या तापवलेल्या दुधाचे दही घट्ट लागते.

स्पिरिट : सुमारे 70 टक्के अल्कोहोल जंतूंची प्रथिने मोडते. शुद्ध अल्कोहोल त्यापेक्षा कमी परिणामकारक ठरते, कारण घडी मोडायला थोडे पाणीही लागते.

याशिवाय पारा, शिसे यांसारखे जड धातू, युरियाचे तीव्र द्रावण आणि जोराने घुसळणे यांनीही घडी बिघडते. केकसाठी फेटलेल्या बलकाचा फेस हे घुसळण्याचे उदाहरण.

पगडी पुन्हा बांधता येते का?

कधी कधी येते. अमेरिकेतील ख्रिश्चन अनफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या 124 अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी रसायनांनी पूर्ण सोडवली. मग ती रसायने काढून टाकली, तेव्हा प्रथिन आपले आपण पुन्हा दुमडले आणि काम करू लागले. घडीची आज्ञा माळेतच लिहिलेली असते, हे त्यातून सिद्ध झाले. 1972 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण उकडलेले अंडे थंड केले म्हणून पुन्हा कच्चे होत नाही. तिथे अनेक पगड्यांची कापडे एकमेकांत गुंतलेली असतात.

बिघाड नेहमी वाईटच असतो असे नाही

“शिजवल्याने प्रोटीन नष्ट होते का?” असे काही माता विचारतात. नाही. घडी मोडते, अमिनो आम्ले राहतात, उलट पचन सोपे होते. आपल्या माळव्याच्या सोयाबीनमध्ये तर पचनात अडथळा आणणारी काही प्रथिने असतात. ती शिजवल्यानेच निकामी होतात. म्हणून सोयाबीन कच्चे खाऊ नये.

आणि ती बाटली?

इन्शुलिन हे 51 अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन. त्याच्या दोन साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात. उन्हात त्याची घडी बिघडते, आणि गोठले तरी ते बिघडते. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी; बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरातली बाटली किती दिवस चालेल हे वेष्टनावर लिहिलेले असते. साफ दिसणारे इन्शुलिन गढूळ झाले तर ते वापरू नये. पण बिघडलेले इन्शुलिन दिसायला जसेच्या तसेही असू शकते, आणि खरा धोका इथेच आहे. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, आणि बंद डिक्कीत तर त्याहूनही वर.

आम्ही त्याच दिवशी मुलाच्या वडिलांना फोन केला. डॉक्टरांनी ती बाटली टाकून द्यायला सांगितले. नव्या बाटलीनंतर काही दिवसांत आजींची शुगर आटोक्यात आली. तोवर घरचे मंडळी त्यांनाच दोष देत होती, की त्या चोरून गोड खातात. आजींचा काहीच दोष नव्हता.

पालकांना विनंती, की घरातले इन्शुलिन कुठे ठेवले आहे ते आजच पाहावे. विश्वस्त मंडळाने प्रयोगशाळेसाठी तापमापी दिल्या, त्यांचा उपयोग असा घरापर्यंत पोहोचला.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न
1. लिंबू पिळल्यावर दूध फाटते आणि विरजणाने दही लागते. दोन्हींत साम्य काय, फरक काय?
2. उकळलेली लाळ थंड केली तर पेज पचेल का? आधी अंदाज लिहा, मग प्रयोगशाळेत करून पाहा.

उत्तरे वहीत लिहून विज्ञान शिक्षकांना दाखवावीत.

— प्राचार्य