“वय झालंय” म्हणून सोडून देऊ नका



पुण्यातल्या कर्वेनगरला पूर्वी हिंगणे म्हणत. 1900 साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठीचा आश्रम तिथल्या झोपडीत नेला. शहरात कॉलेजमध्ये शिकवायचं आणि चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचं, असा त्यांचा क्रम होता. 1958 साली, शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं. 1962 साली ते गेले तेव्हा वय होतं 104! एका माणसावरून नियम निघत नाही. पण चालणं, माणसांत राहणं आणि हाताला काम असणं याने म्हातारपणी तब्येत टिकते, हे डॉक्टरही सांगतात.

आपल्या घरात काय होतं? सासूबाईंना अंधुक दिसतं, चालताना दम लागतो. आपण म्हणतो, “वय झालंय.” तिथेच उपचार थांबतो. म्हणून या चार गोष्टी पाहा.

1. बीपी आणि साखर: काही त्रास नसतानाही वाढलेली असू शकते. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका. दिवसाचं मीठ एका छोट्या चमच्याच्या आत ठेवा, लोणचं-पापड धरून.

2. ताट: म्हातारी माणसं चहा-चपातीवर भागवतात. दात नसतील तर घट्ट वरण, मुगाची खिचडी, दही, अंडं द्या. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती सोडवा.

3. पडणं: खुब्याचं हाड मोडलं की माणूस अंथरूण धरतो. न्हाणीत धरायला दांडा लावा, शेवाळ घासून काढा, रात्री दिवा ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं.

4. एकटेपणा: दोन शब्द बोला, घरातला निर्णय विचारा, जमेल ते काम हातात द्या.

सत्तरी गाठलेल्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, त्याला उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.

आणि ताई, तुमचं काय? सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी, दुखणं अंगावर काढणारी बाई साठीत अचानक आजारी पडत नाही. त्याची सुरुवात आजच झालेली असते.

पुढच्या बैठकीसाठी काम: घरातल्या ज्येष्ठांचं आणि स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं, ती तारीख वहीत लिहून आणा. तारीख आठवत नसेल, तर याच आठवड्यात आशाताईंना भेटा. बचतीचा हप्ता आपण चुकवत नाही, मग हा तरी का चुकवायचा?