हळद : किराण्यातील दवा आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

शिलाई मशीनवर, मागावर किंवा दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्यांची गुडघे-कमरेची तक्रार जुनीच आहे. आमच्या सास्तूर-लोहारा भागात मुका मार लागला की आजही हळद-चुन्याचा लेप लावतात. युनानी नुस्ख्यात हीच हळद 'जर्दचोब' या नावाने येते. आता हिच्या कॅप्सूल व मलमे बाजारात आली आहेत आणि आपले अनेक व्यापारी बांधव हा माल ठेवतात. तेव्हा माल काय आहे हे समजून घेणे जरूरीचे आहे.

हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याचे नाव कर्क्युमिन. ते १८१५ साली प्रथम वेगळे काढले गेले. हळदीत ते साधारण तीन टक्के असते. कापडवाल्याला हा रंग चांगला ठाऊक आहे : उन्हात उडतो, साबण लागला की लाल होतो! शरीरात सूज आणणारी जी द्रव्ये तयार होतात त्यांची निर्मिती कर्क्युमिन रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. गुडघेदुखीच्या रुग्णांवरील काही लहान चाचण्यांतही आराम आढळला. अडचण अशी की, पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखविले की, सोबत मिऱ्यातील पायपरीन दिल्यास हे प्रमाण सुमारे वीस पटींनी वाढते. म्हणजे भाजीतली चिमूटभर हळद वेगळी आणि कॅप्सूल वेगळी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नये. जास्त मात्रेने यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे आहेत.

आता व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट. हळदीने जखम भरते, या आपल्या घराघरांतल्या माहितीवर १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला अमेरिकेत चक्क पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेने हरकत घेतली. 'आमची दादी लावत होती' एवढे तिथे चालत नाही, लेखी पुरावा लागतो. संस्कृत, हिंदीबरोबर उर्दूतील जुने दाखलेही सादर झाले आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला याचा विशेष आनंद वाटतो. पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभारले, त्यात अरबी, फारसी, उर्दूतील युनानी नुस्खेही नोंदले गेले. ज्यांच्या घरी हकिमी बयाजे पडून आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत.

परंतु आपल्याच गल्ल्यावर खोट असेल तर हे सारे व्यर्थ. हळद चमकविण्यासाठी लेड क्रोमेट वापरतात. त्यात शिसे असते व ते लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. पेल्यात पाणी घेऊन चमचाभर पूड टाकावी. पूड तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहिले तर ठीक, गडद झाले तर माल परत करावा. त्याहून वाईट म्हणजे 'जडीबुटी' म्हणून विकली जाणारी सांधेदुखीची सुटी चूर्णे. काहींत चोरून स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. गिऱ्हाईक दोन दिवसांत चालू लागते, म्हणून पुन्हा येते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. असा माल ठेवू नये. युनानी दवेच्या डबीवर उत्पादन परवाना, बॅच नंबर व मुदत पाहावी, पक्के बिल घ्यावे. दुकानावर 'संधिवात हमखास बरा' अशी पाटीही लावू नये, १९५४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.