खुटबावचे तीन तुकडे
(द्वितीय वर्ष, कला)

छापलेली ओळ पाहताच आपल्याला तिच्यातील शब्द दिसतात. संगणकाचे तसे नाही. त्याच्या दृष्टीने मजकूर म्हणजे एकामागून एक ओवलेल्या चिन्हांची माळ. ही माळ कोठे तोडावी हे सांगणारा, थोडक्या खुणांत लिहिलेला नियम म्हणजे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’. या कल्पनेचा गणिती पाया स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाच्या १९५६ च्या निबंधात आहे. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिचा उपयोग मजकुरातील शोधासाठी दाखविला. आज वेबपानांच्या जावास्क्रिप्ट भाषेतही ती आहे.

पुणे–दौंड लोहमार्गावरील तीन स्थानके घेऊ : ‘यवत, खुटबाव, केडगाव’. ‘स्वल्पविरामापाशी तोड’ असे सांगितले तर नावे सुटी होतात. परंतु शेवटच्या दोन नावांपुढे मोकळी जागा चिकटून राहते. म्हणून ‘स्वल्पविराम किंवा मोकळी जागा, एक वा अधिक’ असा नियम करावा.

कित्येकजण मात्र ‘अक्षर नसेल तेथे तोड’ असा नियम लिहितात आणि येथेच घात होतो. जावास्क्रिप्टमधील अक्षरांचा जुना वर्ग रोमन अक्षरे, इंग्रजी आकडे व अधोरेखा एवढेच ओळखतो. त्याच्यापुढे आपले गावच नाहीसे होते. २०१८ पासून त्या भाषेत युनिकोडप्रमाणे सर्व लिप्यांची अक्षरे ओळखता येतात. तो वर्ग वापरला, तर ‘ख’, ‘टब’ आणि ‘व’ असे खुटबावचे तीन तुकडे पडतात! कारण युनिकोडमध्ये उकार आणि काना अक्षरांत मोडत नाहीत. त्यांचा वर्ग निराळा आहे.

तोही वर्ग नियमात घेतला की खुटबाव सांधते. पण ‘शेतकऱ्याचा’ मधील ‘ऱ्या’ काहीजण साधा ‘र’, त्याचा मोडलेला पाय आणि एक न दिसणारा सांधा अशा रीतीने टंकित करतात. तो सांधा दोन्ही वर्गांत नाही. परिणामी एका शब्दाचे ‘शेतकर्’ आणि ‘याचा’ असे दोन शब्द होतात.

तात्पर्य, मराठी मजकूर तोडताना शब्द कशाचा बनतो हे सांगण्यापेक्षा तो कशाने वेगळा होतो हे सांगावे. नाहीतर आपल्या आईवडिलांचे नाव यादीत असूनही शोधणाऱ्याला सापडणार नाही. काना, उकार आणि ‘ऱ्या’ यांचे ज्ञान व्याकरणाच्या तासाला मिळते. तेव्हा हे काम केवळ विज्ञान शाखेचे आहे, असे आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी मानू नये.