लोणचं तुझं, नियम सगळ्यांचे

अगं बयो, रिसॉर्टची ऑर्डर आली म्हणून हुरळून जाऊ नकोस आणि लेबलच्या कटकटीपायी डोळ्यांत पाणीही आणू नकोस. किहीमपासून मुरुडपर्यंत पर्यटकांना घरगुती लोणचं हवंच आहे, गिऱ्हाईक कुठे पळून जात नाही. अडतं ते कागदावर. म्हणून आज मिठा-मसाल्याचं सोडून कागदांचंच बोलते.

एके काळी लोणची-चटण्या लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. 1967 साली सरकारने अशी यादी केली, ती वाढत वाढत आठशेच्या वर गेली, मग एकेक वस्तू गळत गेली. एप्रिल 2015 मध्ये उरलेल्या वीस वस्तूही मोकळ्या केल्या, त्यांतच पाव, उदबत्ती आणि आपलं लोणचं गेलं. त्या कुंपणाची मला फारशी हळहळ नाही. कुंपण होतं तेव्हाही आपल्या गल्लीतल्या बायकांचं लोणचं काही मुंबईच्या दुकानांत पोचलं नव्हतं.

आता मैदान सगळ्यांना सारखं, म्हणतात. पण मेख इथेच आहे. अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारीख, पत्ता, तक्रारीचा फोन, हिरवा ठिपका, हे कंपनी एकदा बसवते आणि लाखो बरण्यांवर छापते. तुझ्या दोन डझन बरण्यांनाही उस्तवार तेवढीच. दुकानदार झाकण काढून वास घेत नाही गं, बरणी फिरवून नंबर शोधतो. तेव्हा नंबर आधी, आंबे नंतर.

जीएसटीचं बघ. वर्षाची विक्री 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन विकायचं तर ही सूट पूर्वी नव्हती. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात पोर्टलवरून विकता येतं. म्हणजे ठाण्या-पुण्याला पाठव खुशाल, पण मडगावच्या गिऱ्हाइकाला एक बरणी धाडलीस तरी नोंदणी लागते. शिवाय मोठा व्यापारी तुझा जीएसटी नंबर विचारणारच, नंबर नसला की त्याला कराचं क्रेडिट मिळत नाही. सवलत म्हणून दिलेली सूट अशी आपल्यालाच दाराबाहेर ठेवते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, मात्र आजच कर, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटाला दमडी देऊ नकोस. तुला ‘सूक्ष्म’ म्हणतील. हसू नकोस, एप्रिल 2025 पासून दहा कोटींपर्यंत उलाढाल करणाराही सूक्ष्मच, तोही तुझ्याच रांगेत!

पण हीच नोंदणी रिसॉर्टपुढे उपयोगी पडते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत तुझे पैसे चुकते करायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. 2023-24 पासून आयकरातही मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला पैसे देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. मार्चअखेर त्यांचा अकाउंटंट तुला आपण होऊन फोन करेल तो म्हणूनच. नोंदणी माल देण्याआधी हवी, नंतर केलेलीचा भरवसा नाही. आणि मुदत मोजतात माल स्वीकारल्यापासून, म्हणून चलनावर सही आणि तारीख घे. ‘मॅनेजर बाहेर गेलेत’ म्हणाले तर बरण्या परत गाडीत.

आता कोणी सांगत नाही ते ऐक. कायद्याचा हवाला दिलास की पुढच्या हंगामाला ऑर्डर दुसरीकडे जाऊ शकते. कायदा पैसे मिळवून देईल, गिऱ्हाईक टिकवून देणार नाही. म्हणून वर्षाच्या लोणच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल एका रिसॉर्टला देऊ नकोस, मग त्यांनी आगाऊ पैसे दाखवले तरी. बाकीचं अलिबागच्या दुकानांत आणि ओळखीच्या घरांत जाऊ दे. भाव थोडा कमी मिळेल, पण तिथे पैसे हातावर पडतात.